आरसा गेला, भिंग राहिले

भाषा आणि साहित्याच्या विभागांत अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. प्रकल्पासाठी म्हणून विद्यार्थी गावोगाव जातात, वीरगळ पाहतात, मठातील पोथ्या उघडतात, मंदिराच्या तुळईवरील चार ओळी वाचण्याचा प्रयत्न करतात आणि परतल्यावर मोबाइलमधील धूसर चित्रे दाखवतात. मग कुणीतरी म्हणते की विभागासाठी एक बरा कॅमेरा घ्यावा. आरसा नसलेला, भिंगे बदलता येणारा, आणि अर्थातच त्या श्रेणीतला सर्वांत स्वस्त. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांपुरते बोलायचे, तर हा प्रश्न आता अपवादात्मक उरलेला नाही. त्याचे उत्तर मात्र बहुधा एखाद्या मॉडेलच्या नावाने दिले जाते, आणि ते नाव दोन वर्षांत जुने होते.

आपल्याला ज्या वस्तूची निवड करायची असते तिला इतिहास असतो, आणि तो ठाऊक नसेल तर आपण वस्तूऐवजी तिची जाहिरात निवडतो. भिंग बदलता येणारा कॅमेरा घेणे म्हणजे एक पेटी घेणे नव्हे, तर भिंगांच्या एका घराण्यात प्रवेश करणे होय. घराणे म्हटले की त्यात वारसा आला, बंधने आली आणि कधीकधी निर्वंश होणेही आले. या लेखात त्या घराण्यांचा इतिहास मराठवाड्याच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न आहे.

मराठवाड्यातील छायाचित्रणाची कथा अजिंठ्यापासून सुरू करावी लागते. रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातील अधिकारी १८४०च्या दशकाच्या मध्यावर अजिंठ्याला आला तो भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती करण्यासाठी. अनेक वर्षे त्याने हे काम केले. त्याच्या बहुतेक प्रतिकृती लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या आणि १८६६च्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतील अनेक प्रतिकृतीही १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. एकाच चित्रसमूहाच्या दोन पिढ्यांच्या नकला अशा रीतीने नष्ट व्हाव्यात, हा योगायोग विषण्ण करणारा आहे.

परंतु गिलने आणखी एक काम केले होते. १८५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो कॅमेरा वापरू लागला होता, आणि १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांचे ‘द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ही छायाचित्रे लहान होती, त्यांत रंग नव्हता, गुहेच्या आतील अंधार त्यांना फारसा भेदता आला नव्हता. तैलचित्रांच्या भव्यतेपुढे ती किरकोळच वाटली असतील. पण त्यांच्या अनेक प्रती निघाल्या, आणि म्हणून ती उरली. नक्कल करणाऱ्या हातापेक्षा भिंग श्रेष्ठ असते असे यावरून म्हणता येत नाही. एवढेच म्हणता येते, की ज्या नोंदीच्या प्रती अनेक ठिकाणी असतात ती आगीतून वाचते.

याच सुमारास मुंबईत दोन भावांनी दोन वेगळ्या मार्गांनी हेच काम चालवले होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन केले, तर त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे १८५४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीत सक्रिय होते. एक भाऊ अक्षर वाचतो आहे आणि दुसरा प्रकाशाने प्रतिमा उमटवण्याची विद्या शिकतो आहे. साहित्याच्या अभ्यासकाला कॅमेऱ्याचे काय काम, असे कुणी विचारलेच तर या एका घराकडे बोट दाखवावे.

त्या काळच्या कॅमेऱ्याची रचना येथे समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा इतिहास तिच्याकडेच परत येतो. काचेवर चित्र घेणारा कॅमेरा म्हणजे एक लाकडी पेटी, मध्ये भात्यासारखी घडी, पुढे एका फळीवर बसवलेले भिंग आणि मागे घासलेली काच. भिंग बदलायचे तर फळी बदलायची. छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन मागच्या काचेवर पाही आणि जे दृश्य भिंगाने घडवले असेल तेच, उलटे का होईना, त्याला दिसे. नंतर त्या काचेच्या जागी रसायन लावलेली काच सरकवली जाई. म्हणजे भिंग बदलण्याची सोय आणि भिंगाला दिसणारे दृश्य थेट पाहण्याची सोय या दोन्ही गोष्टी कॅमेऱ्याच्या बालपणातच होत्या. आरसा नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती.

अशाच मोठ्या कॅमेऱ्यांनी लाला दीनदयाळ यांनी १८८०च्या दशकापासून निजामाच्या राज्यात काम केले. सहाव्या निजामाने, महबूब अली खानाने, त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले. सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ निघाला, हैदराबादेत स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ निघाला आणि १८९६ साली मुंबईतही. १९०५ साली त्यांचे निधन झाले. राजवाडे, शिकारी, लष्करी कवायती, वेरूळची लेणी हे सारे त्यांच्या काचांवर उमटले. पुढे हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व विभागाचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावरील आपले चार भागांचे काम प्रसिद्ध केले, तेव्हा ही चित्रे छायाचित्रणावर आधारित आहेत हे त्यांनी ग्रंथाच्या नावातच सांगून टाकले. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्यानंतर, हाताच्या नकलेवरचा विश्वास कमी झाल्यानंतर आलेली ही घोषणा होती.

आता नकाशा समोर ठेवावा. कॅमेरा अजिंठ्याला गेला, वेरूळला गेला, दौलताबादला गेला. जेम्स बर्जेस यांच्या १८७८च्या अहवालात बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतील अवशेषांचे वर्णन आले, त्यात आज लातूर जिल्ह्यात असलेली खरोसा लेणीही आली. हेन्री कझिन्स यांनी १९०० साली निजामाच्या मुलखातील प्राचीन अवशेषांची यादी केली. पण यादीत नाव येणे वेगळे आणि भिंगासमोर येणे वेगळे. कंधारचा किल्ला, देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर, औसा आणि उदगीरचे किल्ले यांच्या वाट्याला अजिंठ्याच्या तुलनेने फार थोडी छायाचित्रे आली. त्यातही हा प्रदेश प्रशासनाच्या दृष्टीने विखुरलेला होता. उदगीर, निलंगा हे तालुके १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता आणि स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. ज्या प्रदेशाचे नावच वरचेवर बदलते त्याची दफ्तरेही वेगवेगळ्या गावी जातात.

इकडे युरोपात कॅमेरा लहान होत होता. वेट्झलर येथील लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक यांनी चित्रपटाच्या फितीवर चालणारा खिशात मावेल असा कॅमेरा तयार केला आणि १९२५ साली लाइका या नावाने तो बाजारात आला. त्याचे भिंग बदलता येत नव्हते. लाकडी पेटीला सहज जमणारी गोष्ट लहान होण्याच्या किमतीत गमावली गेली होती. १९३० साली भिंग बदलता येणारा लाइका निघाला, पण प्रत्येक भिंग ज्याच्या त्याच्या कॅमेऱ्याशीच जुळवलेले असे. १९३१ साली ३९ मिलिमीटर व्यासाचा आट्यांचा माउंट आणि त्यापासून फिल्मपर्यंतचे २८.८ मिलिमीटरचे अंतर प्रमाणित झाले, तेव्हा कुठलेही लाइका भिंग कुठल्याही लाइका बॉडीवर बसू लागले. या अंतराला छायाचित्रणाच्या परिभाषेत फ्लँज अंतर म्हणतात. भिंगांच्या घराण्याचे गोत्र ते हेच.

हे गोत्र फार काळ एका घरापुरते राहिले नाही. युक्रेनमधील खारकीव येथे अनाथ मुलांच्या झेर्झिन्स्की कम्यूनमध्ये १९३४पासून ‘फेड’ हा लाइकाच्या धर्तीवरचा कॅमेरा बनू लागला. या कम्यूनशी जोडलेले शिक्षणतज्ज्ञ म्हणजे लेखक अंतोन मकारेंको. साहित्याच्या वाचकांना हे नाव अपरिचित नसावे. जपानमध्ये १९३६ साली आलेल्या पहिल्या कॅननवर भिंग होते ते निप्पॉन कोगाकूचे, म्हणजे ज्या कंपनीला आज आपण निकॉन म्हणतो तिचे. आज एकमेकांचे तोंड न पाहणारी दोन घराणी एकेकाळी एकाच पेटीत नांदत होती. १९५० साली ‘लाइफ’ नियतकालिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी जपानी निक्कॉर भिंगे आपल्या जर्मन कॅमेऱ्यांवर लावली आणि कोरियाच्या युद्धात वापरली. चित्रांची स्पष्टता पाहून पाश्चात्त्य जगाला जपानी भिंगांची दखल घ्यावी लागली. हे शक्य झाले कारण निक्कॉर भिंगे लाइका आणि कॉन्टॅक्स यांच्या माउंटमध्येही बनत होती. दार उघडे होते म्हणून पाहुणा आत आला, आणि पुढे तोच घरमालक झाला.

याच निक्कॉरच्या इतिहासातील एक प्रकरण आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये दस्तऐवज मायक्रोफिल्मवर उतरवण्याचे काम वाढले. रोमन लिपीसाठी पुरेशी ठरणारी भिंगे कांजी अक्षरांसाठी अपुरी पडत. एकेका चिन्हात दहा-बारा बारीक रेघा, त्या एकमेकींत मिसळल्या की अर्थच हरवे. या गरजेतून १९५६ साली पाच सेंटिमीटर नाभ्यंतराचे मायक्रो-निक्कॉर हे भिंग जन्माला आले. जवळून, लहान अक्षर, कडेपर्यंत स्पष्ट टिपणे हे त्याचे काम. एका लिपीने भिंग घडवले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. देवनागरीत अनुस्वाराचा एक ठिपका विभक्ती बदलतो, आणि मोडीत तर दोन अक्षरांतील फरक लेखणीच्या एका वळणावर अवलंबून असतो. आपल्याला कोणते भिंग हवे, याचे उत्तर या प्रकरणात बरेचसे आले आहे.

आता आरशाकडे येऊ. लाइकात छायाचित्रकार एका वेगळ्या झरोक्यातून पाहत असे. भिंगाला जे दिसते ते त्याला दिसत नसे. जवळच्या वस्तूच्या बाबतीत या दोन दृश्यांत अंतर पडे. त्यावर उपाय म्हणून भिंगामागे तिरका आरसा बसवण्यात आला, तो दृश्य वर परावर्तित करी आणि चित्र घेताना बाजूला होई. १९४९च्या कॉन्टॅक्स एसने पंचकोनी लोलक आणि ४२ मिलिमीटरचा आट्यांचा माउंट आणला. १९५९ साली निकॉन एफ आला. पण आरशाला हलायला जागा लागते. म्हणून या कॅमेऱ्यांचे फ्लँज अंतर वाढले: ४२ मिलिमीटरच्या आट्यांसाठी ते ४५.४६ मिलिमीटर झाले, निकॉन एफसाठी ४६.५. आरशाने दृष्टी दिली आणि भाडे म्हणून जागा घेतली. जवळजवळ पन्नास वर्षे भिंगांचा सारा आराखडा या भाड्याच्या हिशेबाने आखला गेला.

भारतात हा इतिहास तुटक तुटक पोचला. आयातीवरील निर्बंधांच्या काळात बहुसंख्य घरांतील कॅमेरा म्हणजे आग्फा क्लिक थ्री, ज्याचे भिंग बदलण्याचा प्रश्नच नव्हता. सोव्हिएत झेनिट हे कॅमेरे ४२ मिलिमीटरच्या आट्यांचे होते, आणि हौशी माणसाच्या आवाक्यात त्यातल्या त्यात येणारे. त्यांच्यासोबत बहुधा हेलिऑस नावाचे ५८ मिलिमीटरचे भिंग असे. फिल्म उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची, ‘इंदू’ छापाची. तालुक्याच्या गावी स्टुडिओ असे, तिथे मागे रंगवलेला पडदा, दोन दिवे आणि एक स्टूल. छायाचित्र म्हणजे लग्न, ओळखपत्र, नाहीतर वारलेल्या माणसाची भिंतीवरची तसबीर. घराची, वेशीची, पाराची, दारावरच्या गणेशपट्टीची छायाचित्रे कोण काढणार? ती तर रोजच समोर होती.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद, उन्हाळ्यात गारवा देणारी हीच रचना त्या रात्री जीवघेणी ठरली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. सरळ रस्ते, एकसारखी घरे, क्रमांकांच्या पाट्या. दुर्घटनेनंतरची छायाचित्रे जगभर पाहिली गेली, कारण त्यानंतर कॅमेरे आले. जे कॅमेरे आधी आले नव्हते त्यांचा अभाव आज अभ्यासकाला जाणवतो. देवळी, बळद, खण, ढेलज, माडी हे शब्द कोशात आहेत, मराठवाड्यातील कथाकादंबऱ्यांतही आहेत. त्या विशिष्ट गावातील विशिष्ट वाड्याची ढेलज कशी होती हे मात्र वृद्धांच्या आठवणीखेरीज कुठे शोधावे? लग्नाच्या अल्बममध्ये वरमाईच्या मागे जी भिंत दिसते, तेवढीच नोंद. माणसे गेली त्या दुःखापुढे भिंतीचे दुःख लहान आहे, हे खरे. तरीही शब्दाला आधार देणारी वस्तू गेली की शब्द हळूहळू निराधार होतो, हे भाषेच्या विद्यार्थ्याला सांगावे लागू नये.

आरसा गेला तो २००८ साली. पॅनासोनिक आणि ऑलिंपस यांनी मिळून मायक्रो फोर थर्ड्स ही पद्धत जाहीर केली आणि त्याच वर्षी पॅनासोनिकचा जी१ हा कॅमेरा आला. भिंगाने घडवलेले दृश्य सेन्सरवर पडते आणि सेन्सर ते लहान पडद्यावर दाखवतो. म्हणजे काळे कापड डोक्यावर घेऊन घासलेल्या काचेकडे पाहणाऱ्या छायाचित्रकाराकडेच आपण परतलो. मधल्या काळातील आरसा हा एक लांबलेला मुक्काम ठरला. आरसा गेल्यावर त्याची जागा रिकामी झाली आणि फ्लँज अंतर घटले. सोनीच्या २०१०च्या ई माउंटमध्ये ते १८ मिलिमीटर, निकॉनच्या २०१८च्या झेड माउंटमध्ये १६, कॅननच्या त्याच वर्षीच्या आरएफ माउंटमध्ये २०.

याचा एक परिणाम फार सुंदर आहे. जुन्या भिंगाला ४५.४६ मिलिमीटर अंतर हवे असेल आणि नव्या बॉडीत १६च असेल, तर मधले २९.४६ मिलिमीटर धातूच्या एका पोकळ नळीने भरून काढता येतात. त्या नळीत काच नसते, फक्त अंतर असते. एखाद्या जुन्या स्टुडिओच्या कपाटात पडलेले हेलिऑस आज नव्या कॅमेऱ्यावर लागते. फोकस हाताने करावा लागतो, पण पडद्यावर दृश्य मोठे करून पाहता येत असल्याने तो पूर्वीपेक्षा अचूक होतो. उलट दिशेने हे जमत नाही. कॅननने १९८७ साली एफडी माउंट सोडून ईएफ आणला, तेव्हा जुने अंतर ४२ आणि नवे ४४ असल्याने जुनी भिंगे नव्या बॉडीवर नुसत्या नळीने बसेनात. दोन मिलिमीटरने एका पिढीची गुंतवणूक अडकून पडली.

आणि घराणी मरतातही. सॅमसंगचा एनएक्स माउंट २०१० साली आला आणि काही वर्षांतच कंपनीने कॅमेऱ्यांतून अंग काढून घेतले. निकॉन १ ही मालिका २०११ ते २०१८ एवढीच जगली. कॅननची ईओएस एम मालिका २०१२ साली सुरू होऊन २०२३ साली संपली, आणि तिची भिंगे त्याच कंपनीच्या आरएफ बॉडीवर लागत नाहीत. या तिन्ही मालिका नवख्यांसाठी, लहान आणि परवडणाऱ्या म्हणूनच विकल्या गेल्या होत्या. नवख्याने एन्ट्री लेव्हल बॉडी निवडताना नेमके येथेच सावध असावे. स्वस्त बॉडी घेण्यात चूक नाही. जिचे घराणे फक्त स्वस्त बॉडींपुरतेच आहे ती घेण्यात धोका आहे. एकच माउंट कंपनीच्या महागड्या कॅमेऱ्यांवरही असेल, तर कंपनी तो सहजासहजी टाकत नाही.

दुसरी कसोटी दार उघडे आहे की बंद याची. सोनीने २०११ साली ई माउंटची मूलभूत माहिती इतर भिंग-उत्पादकांना खुली केली, आणि त्यामुळे आज त्या माउंटसाठी इतरांची परवडणारी भिंगे भरपूर आहेत. मायक्रो फोर थर्ड्स तर जन्मतःच अनेकांचे होते. निकॉन आणि कॅनन यांनी सुरुवातीला दार बरेचसे लावून घेतले होते, पुढे ते किलकिले केले. कॅननच्या लहान सेन्सरच्या बॉडींसाठी सिग्माची भिंगे अधिकृतपणे जाहीर झाली ती २०२४ साली. डंकन यांच्या निक्कॉरची गोष्ट ज्याने वाचली आहे त्याला या कसोटीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तिसरी कसोटी आपल्या ऊन-मातीची. मे महिन्यात कंधारच्या किल्ल्यावर दुपारी उभे राहून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर काही दिसत नाही. निकॉन झेड३० किंवा सोनी झेडव्ही-ई१० यांना डोळा लावण्याचा झरोका नाही, कारण ते मुख्यतः चलचित्रे घेणाऱ्यांसाठी बनवले आहेत. निकॉन झेड५० किंवा कॅनन आर५० यांना तो आहे. आपल्या कामासाठी हा फरक मेगापिक्सेलच्या आकड्यापेक्षा मोठा आहे. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात भिंग काढताच सेन्सर उघडा पडतो, तेव्हा काळ्या मातीच्या फुफाट्यात भिंग बदलू नये. ते गाडीत किंवा देवळाच्या आडोशाला, बॉडीचे तोंड खाली ठेवून बदलावे. पडदा सतत चालू असल्याने विजेची भूकही मोठी: आरशाचा निकॉन डी३५०० एका चार्जवर प्रमाणित चाचणीत १५५० चित्रे घेई, झेड५० सुमारे ३००. दुसरी बॅटरी ही चैन नव्हे. गाभाऱ्यात आता एलईडी दिवे असतात, आणि पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरने चित्र घेतल्यास त्यांच्या लुकलुकण्याचे पट्टे चित्रावर उमटू शकतात. म्हणून यांत्रिक पडद्याची सोय असलेली बॉडी बरी.

चौथी कसोटी भिंगाची, आणि खरे तर तीच पहिली असायला हवी. कॅमेऱ्यासोबत मिळणारे सोळा ते पन्नास किंवा अठरा ते पंचेचाळीस मिलिमीटरचे भिंग मंदिराचा दर्शनी भाग, गल्ली, गंजगोलाईचा वर्तुळाकार बाजार, यात्रेतली गर्दी यांना पुरते. शिलालेखाला आणि पोथीला ते पुरेसे नाही. तिथे मायक्रो-निक्कॉरच्या वंशातले, जवळून टिपणारे भिंग लागते. निकॉन झेडसाठी ५० मिलिमीटरचे, सोनी ई साठी ३० मिलिमीटरचे, कॅनन आरएफसाठी ३५ मिलिमीटरचे मॅक्रो भिंग मिळते. पैसे कमी असतील तर हाताने फोकस करायचे जुने ५५ मिलिमीटरचे मायक्रो-निक्कॉर आणि एक नळी एवढ्यावर काम होते, कारण शिलालेख जागचा हलत नाही. लहान सेन्सरवर त्याचे दृश्यक्षेत्र ८२ मिलिमीटरच्या भिंगाएवढे अरुंद होईल, म्हणून दोन पावले मागे सरकायचे, इतकेच. हिशेब साधा आहे: बॉडीवरचा खर्च कमी करावा, आणि उरलेले पैसे मॅक्रो भिंग, तिवई आणि एक हातदिवा यांवर घालवावेत.

हातदिवा कशाला, असे कुणी विचारील. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा १९६३चा ग्रंथ ज्यांनी अभ्यासला आहे त्यांना झिजलेल्या अक्षराचे वाचन किती कठीण असते हे ठाऊक आहे. समोरून पडणाऱ्या प्रकाशात झिजलेले अक्षर दिसेनासे होते. तोच प्रकाश दगडाच्या बाजूने, जवळजवळ समांतर टाकला की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि अक्षर उठून येते. डावीकडून एक, उजवीकडून एक, वरून एक अशी चित्रे घ्यावीत, शेजारी मोजपट्टी ठेवावी. कागदावर ठसा घेण्याची पूर्वीची पद्धत आजही श्रेष्ठ आहे, पण तिला परवानगी, सराव आणि दगडाला स्पर्श लागतो. छायाचित्राला स्पर्श लागत नाही.

शेवटी गिलकडे परत जाऊ. त्याची भव्य चित्रे जळाली आणि लहान छायाचित्रे राहिली, ती अनेक प्रतींमुळे. आज आपला धोका आगीचा कमी आणि विस्मरणाचा अधिक आहे. एका संगणकात, एका फोल्डरमध्ये, क्रमांकाशिवाय कुठलेच नाव नसलेली हजार चित्रे पडून असतात, आणि ज्या विद्यार्थ्याने ती काढली तो उत्तीर्ण होऊन गेलेला असतो. चित्राबरोबर गावाचे नाव, वास्तूचे नाव, दिशा, तारीख आणि काढणाऱ्याचे नाव लिहिले नाही, तर उत्तम भिंगही निरुपयोगी आहे. नोंदीच्या निदान तीन प्रती असाव्यात, त्यांतील एक त्या गावच्या शाळेत किंवा ग्रंथालयात.

कोणता कॅमेरा घ्यावा, या प्रश्नाला आता उत्तर द्यायचे झाले तर ते असे देता येईल: ज्याचे घराणे टिकण्याची शक्यता आहे, ज्याचे दार इतरांसाठी उघडे आहे, ज्यातून उन्हातही पाहता येते, आणि जो घेतल्यावर अक्षर वाचणाऱ्या भिंगासाठी पैसे उरतात, तो. या चार अटींत बसणाऱ्या दोन-तीन बॉडी कुठल्याही वर्षी बाजारात असतात, आणि त्यांतून मग हातात बरी बसेल ती घ्यावी. किल्लारीच्या परिसरातील जुन्या वाड्यांसाठी हा सल्ला उशिरा आला आहे. होट्टलच्या शिल्पांसाठी, कंधारच्या तटासाठी, गावोगावच्या पारावर उघड्यावर झिजत असलेल्या वीरगळांसाठी तो अजून उशिरा नाही.